टॉन्सिलची शस्त्रक्रिया : पद्धत कोणती, वेदना किती?

टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते. वेदना मात्र सात ते दहा दिवस, प्रौढांमध्ये कधी दोन आठवडे टिकतात. घशातील जखम बहुधा टाके न घालता आपोआप भरू दिली जाते. गिळताना तेथील स्नायू आवळतात व दुखते. घसा आणि कान यांना सामाईक असलेल्या मज्जातंतूमुळे कानही ठणकतो.

पारंपरिक पद्धतीत उष्णतेविना, कात्री व तत्सम उपकरणांनी टॉन्सिल सोडवले जाते. त्यावेळी रक्त अधिक जाते, पण नंतरची वेदना तुलनेने कमी असते. डायथर्मीत विजेच्या तीव्र उष्णतेने रक्तवाहिन्या तत्काळ बंद होतात. मात्र भोवतालची ऊती भाजल्याने दुखणे वाढते. इंग्लंड व उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ साली सुमारे ३४ हजार रुग्णांच्या पाहणीत, उष्णतेच्या पद्धतींनंतर रक्तस्रावाचा धोकाही अधिक आढळला.

कोब्लेशनमध्ये क्षारजलातून विद्युत्प्रवाह सोडून सुमारे ४० ते ७० अंश सेल्सिअसवर ऊती विरघळवली जाते. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार पहिल्या दिवशी वेदना किंचित कमी असते. सातव्या दिवशी फरक जवळजवळ उरत नाही. पुराव्याची प्रतही कनिष्ठ ठरली. एकदाच वापरायच्या कांडीमुळे खर्च मात्र वाढतो. टॉन्सिलचे कवच राखून केलेल्या आंशिक शस्त्रक्रियेत वेदना कमी असते, पण टॉन्सिल पुन्हा वाढण्याची अल्प शक्यता राहते.

म्हणून केवळ 'वेदनारहित' या शब्दावर विसंबून अधिक पैसे मोजू नयेत. शस्त्रक्रियेवेळी दिलेली डेक्सामेथासोनची एक मात्रा, नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर घेतलेले पॅरासिटामॉल वा आयबुप्रोफेन आणि पुरेसे पाणी यांचा आधार प्रत्येक पद्धतीत लागतो. मुलांना कोडीन देऊ नये. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्येच त्याविषयी कडक इशारा दिला आहे.

जखमेवरील पांढरा थर म्हणजे पू नव्हे. पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान तो सुटताना रक्तस्राव होऊ शकतो, आणि तेव्हा रुग्ण घरी असतो. इंदूरला शस्त्रक्रिया करून बेटम्याला परतणारे कुटुंब असो वा बांबोळीहून काणकोणला जाणारे, रात्री-अपरात्री रुग्णालय गाठण्याची सोय आधीच करून ठेवावी. तोंडातून ताजे लाल रक्त आल्यास सकाळची वाट न पाहता निघावे.