ऊमायसीट

कवकासारखे तंतू वाढवणारे, पण वंशाने तपकिरी शैवालांच्या जवळचे सूक्ष्मजीव. त्यांच्या कोशिकाभित्तीत कायटिनऐवजी मुख्यतः सेल्युलोज व ग्लुकन असतात. पाण्यात पोहणाऱ्या चलबीजाणूंना दोन कशाभिका असतात, म्हणून पाऊस आणि साचलेले पाणी हे रोगप्रसाराचे हमखास साधन.

आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक नासवणाऱ्या करप्याच्या जीवाला आंतोन डी बारी यांनी १८७६ मध्ये फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स हे नाव दिले. त्याचा जीनोम २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वनस्पतीच्या पेशीत शिरून तिची प्रतिकारशक्ती खिळखिळी करणाऱ्या प्रथिनांची शेकडो जनुके आढळली. ती वेगाने बदलत असल्यामुळे रोगप्रतिकारक वाण फार काळ टिकत नाहीत. फायटोफ्थोरा याच प्रजातीतील इतर जातींमुळे कोकण-गोव्यातील सुपारीला कोळेरोग होतो: ऐन पावसात कोवळी फळे देठाशी कुजून गळतात. बागायतदार मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात, पण ते पाऊस लागण्यापूर्वी मारले तरच उपयोगी पडते.

प्राण्यांना ग्रासणाऱ्या ऊमायसीटांवरील संशोधन त्या मानाने मागे राहिले. अफॅनोमायसीस इन्व्हाडन्स माशांना व्रण पाडतो. पिथियम इन्सिडिओसम घोड्यांना व माणसांनाही ग्रासतो. डोळ्याच्या बुबुळावरील त्याचा संसर्ग सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब बुरशीजन्य दिसतो; मात्र नेहमीच्या बुरशीनाशकांचे लक्ष्य असलेले अर्गोस्टेरॉल त्याच्या पटलात नसल्याने ती बहुधा निष्प्रभ ठरतात. त्यामुळे भारतातील नेत्रतज्ज्ञ लिनेझोलिड व अ‍ॅझिथ्रोमायसिन ही जीवाणूविरोधी औषधे वापरू लागले आहेत.