आतड्याचं ऑपरेशन: बिल फुगतं ते नंतरच्या गुंतागुंतीत

आतड्याला पीळ पडला, भोक पडलं किंवा गाठ निघाली, की डॉक्टर खराब भाग कापून दोन्ही टोकं जोडतात. ऑपरेशनचा आकडा आधी सांगितला जातो. पण हा जोड गळायला लागला तर हिशेबच बदलतो. बहुतेकदा पहिल्या आठवडाभरात ते कळतं: ताप, फुगलेलं पोट, वाढत जाणारी पोटदुखी, उलट्या, जोरात चालणारी नाडी. ‘गॅस झाला असेल’ म्हणत घरी थांबू नये. पोटात घाण पसरली की दुसरं ऑपरेशन, आयसीयू, महागडी अँटिबायोटिक्स, काहींना पोटावर शौचाची पिशवी. त्या पिशव्या घरी आल्यावरही सारख्या विकत आणाव्या लागतात, हा खर्च कुणी धरतच नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मोफत आहेत. अनेकांना माहीत नसतं, पण पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतरचे 10 दिवस आणि त्या काळातली गुंतागुंतही येते. म्हणून सुट्टीनंतर आठव्या दिवशी त्रास सुरू झाला तर डिस्चार्ज कार्ड घेऊन ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलातच जावं आणि पैसे भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटावं. पेशंट गंभीर असेल तर आधी 108 ला फोन. पैशासाठी अडवलं तर योजनेचा टोल फ्री नंबर 155388 आहे. हॉस्पिटल योजनेत आहे का, हे मात्र भरती होतानाच विचारून घ्यावं. रात्रीच्या धावपळीत नेमकं तेच राहून जातं.