एव्हनडेल : बंडखोराची जमीनदारी

आयर्लंडच्या इतिहासातील एक विसंगती विचार करायला लावते. जमीनदारांविरुद्ध कुळांना उभे करणारा चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल (१८४६-१८९१) स्वतः जमीनदार होता. विक्लो परगण्यातील एव्हनडेलची हवेली १७७७ साली सॅम्युअल हेज या वृक्षप्रेमी गृहस्थाने बांधली. १७९५मध्ये त्याच्या मृत्यूनंतर ती सर जॉन पार्नेल यांच्याकडे आली. ब्रिटनशी एकीकरणाला विरोध केल्यामुळे १७९९ साली सर जॉन यांचे मंत्रिपद गेले. चार्ल्स त्यांचा पणतू. मालमत्तेबरोबर बंडखोरीही वारशाने आली, असे म्हणता येईल.

१८७९ साली चार्ल्स लँड लीगचा अध्यक्ष झाला. १८८१मध्ये किल्मेनहॅमच्या तुरुंगातून निघालेल्या खंडबंदीच्या जाहीरनाम्यावर त्याचेही नाव होते. हे शस्त्र दुधारी होते, कारण एव्हनडेलचे उत्पन्नही कुळांच्या खंडावर अवलंबून होते. मालमत्ता कर्जात बुडाली. १८८३ साली जनतेने वर्गणी काढून त्याला ३७ हजार पौंडांहून अधिक निधी दिला. कुळांची बाजू घेणाऱ्या जमीनदाराला अखेर लोकांनीच हात दिला!

त्याच्या मृत्यूनंतर भावाने एव्हनडेल विकले. १९०४ साली तिथे सरकारी वनशिक्षण सुरू झाले. आपल्याच वर्गाशी लढण्याची किंमत पार्नेलने आपल्याच घरात मोजली.