जलाशयाकाठची सहल कुणाच्या खर्चाने?

धरण बांधतात पुरासाठी, सिंचनासाठी. पण पाणी साठलं की लोक होड्या आणि गळ घेऊन येतातच. मग काठावरच्या वाटांचा, स्वच्छतागृहांचा खर्च कुणी करायचा?

अमेरिकेत १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याने लष्कराच्या अभियंता दलाला जलाशयांवर उद्यानं उभारण्याची मुभा दिली. पुढे ९ जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्याने नवा हिशेब मांडला. करमणुकीपायी होणाऱ्या वेगळ्या खर्चातला किमान निम्मा वाटा राज्याने किंवा स्थानिक संस्थेने उचलायचा; देखभाल-दुरुस्ती तर सगळी त्यांचीच. कुणी तयार नसेल, तर जागा दहा वर्षं राखून ठेवता येईल.

लाभ ज्याचा, भार त्याचा, हे तत्त्व आपल्याला पटतं. पण लाभ नेमका कुणाचा? सहलीला येणारा परराज्यातूनही येतो. कचरा मात्र काठावरच्या छोट्या काउंटीने उचलायचा. बांधकाम एकदाच होतं, झाडू रोज मारावा लागतो. १९९२ मध्ये देखभालीतली स्थानिकांची अटही किमान निम्म्यावर आणली गेली. म्हणजे सत्तावीस वर्षांनी. न्याय्य वाटणी ठरवताना आपण बांधणाऱ्याचा हिशेब आधी करतो, सांभाळणाऱ्याचा मागून.