उपग्रहाधारित मार्गदर्शन आणि लहान विमानांचे वर्तुळाकार अवतरण : एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : जीपीएस, उपकरणाधारित अवतरण, वर्तुळाकार अवतरण, लहान विमानतळ, विमानसुरक्षा

प्रस्तावना :
विमानवाहतुकीचा इतिहास बहुधा विमानांचा वेग, आकार आणि पल्ला यांच्या अंगाने लिहिला जातो. ढगांनी झाकलेल्या आकाशातून जमिनीवर सुखरूप कसे उतरावे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. जीपीएसने या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दिले, परंतु अवतरणाचा अखेरचा टप्पा अनेक ठिकाणी वैमानिकाच्या नजरेवरच अवलंबून राहिला. तंत्रज्ञानाची ही मर्यादा प्रामुख्याने अमेरिकेच्या अनुभवावरून स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
२४ सप्टेंबर १९२९ रोजी जेम्स डूलिटल यांनी न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्ड येथे बंदिस्त आसनकक्षातून, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवून पुन्हा खाली उतरविले. त्यानंतर धावपट्टीजवळ रेडिओ यंत्रणा बसवून विमानांना मार्ग दाखविण्याची पद्धत विकसित झाली. ही यंत्रणा खर्चिक होती आणि तिची देखभालही सतत करावी लागे. त्यामुळे अचूक मार्गदर्शनाची सोय मुख्यतः मोठ्या विमानतळांपुरती मर्यादित राहिली.

१ सप्टेंबर १९८३ रोजी मार्ग चुकलेले कोरियन एअर लाइन्सचे विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले व २६९ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या प्रशासनाने जीपीएस पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. १९९० च्या दशकात अमेरिकेत जीपीएसवर आधारित अवतरण पद्धती अमलात आल्या. मे २००० मध्ये नागरी संकेतांची अचूकता हेतुपुरस्सर घटविण्याचे धोरण बंद झाले. जुलै २००३ मध्ये ‘वास’ ही संकेत सुधारणारी प्रणाली कार्यान्वित झाली आणि विमानतळावर स्वतंत्र यंत्रणा नसतानाही उंचीचे मार्गदर्शन मिळू लागले. लहान विमानतळांच्या दृष्टीने हा बदल क्रांतिकारक होता.

वर्तुळाकार अवतरणाचे स्वरूप :
उपकरणाधारित मार्ग प्रत्येक वेळी वापरावयाच्या धावपट्टीच्या रेषेत येतोच असे नाही. डोंगर आडवे येतात, वाऱ्याची दिशा प्रतिकूल असते किंवा समोरची धावपट्टी त्या विमानाला अपुरी पडते. अशा वेळी वैमानिक उपकरणांच्या साहाय्याने ठरावीक किमान उंचीपर्यंत खाली येतो, विमानतळ दिसल्यावर तो नजरेआड होऊ न देता वळसा घेतो आणि दुसऱ्या धावपट्टीवर उतरतो. धावपट्टी दिसेनाशी झाल्यास उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जाणे बंधनकारक असते. अमेरिकेत अंतिम मार्ग व धावपट्टी यांतील कोन ३० अंशांहून अधिक असल्यास सरळ अवतरणासाठीची किमान उंची सर्वसाधारणपणे दिली जात नाही. त्या मार्गाच्या नावात धावपट्टीच्या क्रमांकाऐवजी ‘ए’, ‘बी’ अशी अक्षरे येतात.

येथे दोन पद्धतींचा सांधा पडतो. ढगांतून खाली येताना उपग्रह वाट दाखवितो, परंतु वळशाच्या वेळी अडथळे, वारा, उंची आणि वेग यांचा मेळ वैमानिकाने स्वतः घालावयाचा असतो. अमेरिकी निकषांनुसार या टप्प्यात अडथळ्यांपासून केवळ ३०० फुटांचे अंतर राखलेले असते, तेही विमानतळाभोवतीच्या मर्यादित क्षेत्रातच. वेग वाढला की वळणाची त्रिज्या वाढते आणि विमान या क्षेत्राबाहेर जाण्याचा धोका निर्माण होतो.

अपघातांचा अनुभव :
हा धोका जीपीएसने निर्माण केलेला नाही. १५ एप्रिल २००२ रोजी दक्षिण कोरियातील बुसान येथे एअर चायनाचे मोठे प्रवासी विमान वर्तुळाकार अवतरणाच्या वेळी डोंगरावर आदळले व १२९ जण मृत्युमुखी पडले. मात्र उपग्रहाधारित मार्गांनंतरही तो संपला नाही. २६ जुलै २०२१ रोजी कॅलिफोर्नियातील ट्रकी येथे वणव्याच्या धुरामुळे दृश्यमानता घटलेली असताना एक व्यावसायिक जेट धावपट्टी २० च्या जीपीएस मार्गाने आले. धावपट्टी ११ कडे वळताना ते कोसळले व सहाजण दगावले. त्याच वर्षी २७ डिसेंबरच्या रात्री सॅन डिएगोजवळील एल कहोन येथे धावपट्टी १७ च्या जीपीएस मार्गाने आलेले लियरजेट दुसऱ्या धावपट्टीकडे वळताना कोसळले. त्यात चौघांचा मृत्यू झाला.

नियमनातील बदल :
अमेरिकेत २०१२ च्या अखेरीपासून नव्या निकषांनुसार सुरक्षित क्षेत्र विस्तारण्यात आले. उदाहरणार्थ, ‘सी’ गटातील विमानांसाठीची १.७ सागरी मैलांची त्रिज्या कमी उंचीवरील विमानतळांसाठी २.७ सागरी मैल झाली. अधिक उंचीवरील विरळ हवेत विमानाचा प्रत्यक्ष वेग वाढतो, हेही विचारात घेण्यात आले. २०१८ मध्ये अनावश्यक वर्तुळाकार पद्धती रद्द करण्याचे निकष ठरविण्यात आले. थेट धावपट्टीच्या रेषेत येणारे जीपीएस मार्ग उपलब्ध झाल्यानेच हे शक्य झाले.

भारतात ‘गगन’ प्रणालीला डिसेंबर २०१३ मध्ये प्राथमिक प्रमाणपत्र मिळाले. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगड येथे तिच्या आधारे एटीआर-७२ विमान उतरविण्यात आले. लहान विमानतळांच्या विस्ताराचा विचार करता वरील अनुभव भारतालाही उपयुक्त ठरणारा आहे.

निष्कर्ष :
१. जीपीएसमुळे अचूक मार्गदर्शन मोठ्या विमानतळांची मक्तेदारी राहिले नाही.
२. वर्तुळाकार अवतरणात मात्र या मार्गदर्शनाचा लाभ अखेरच्या वळशापूर्वीच संपतो.
३. म्हणून उपग्रहाधारित मार्ग उपलब्ध असणे आणि अवतरण सुरक्षित असणे या दोन गोष्टी एक मानता येत नाहीत. शक्य तेथे प्रत्येक धावपट्टीसाठी सरळ मार्ग आखणे आणि अन्यत्र वैमानिकाच्या ‘नाही’ म्हणण्याच्या निर्णयाला पाठबळ देणे, हाच या इतिहासाचा बोध होय.