पंखे बंद, बासरी सुरू

चला जी, उचला पिशवी. बालाघाटकडच्या लांजीहून मोटारीनं गोंदिया गाठा आणि मुंबईच्या मेलमध्ये शिरा. साल १९६८. जागा कुणी देणार नाही, ट्रंकेवरच टेका. व्हीटीला उतरलात की डोळ्यांआधी नाकाला कळतं: सुके बोंबील, घामेजलेले हमाल, इराण्याच्या भट्टीतले ब्रुन पाव.

आता रेकॉर्डिंगच्या खोलीत या. दार रजईसारखं जाड आहे, जोर लावून ओढा. आत पाऊल टाकताच अंगाची काहिली होते, कारण पंखे बंद. घरघर माइकमध्ये जाते ना! शिळा सिगारेटचा धूर, ट्रम्पेटच्या तेलाचा वास आणि पाठीला चिकटलेले सदरे.

संगीतकार शंकर-जयकिशन यांची ‘रागा-जॅझ स्टाइल’ ही तबकडी घडतेय. अकरा राग, प्रत्येकाला मोजकी मिनिटं. सतारीवर रईस खाँ, ट्रम्पेटवर जॉन परेरा, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, पियानोवर लुसिला पाशेको, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो, तबल्यावर रमाकांत. बासरी सुमन यांची. गोवेकर मंडळींसमोर नोटेशनचे कागद. असे वादक दिवसा सिनेमाला वाजवतात आणि रात्री हॉटेलच्या बँडमध्ये.

तुम्ही बालाघाटच्या बांबूच्या मुलखातले, तेव्हा बासरीवाल्याची बोटं बघा. ती भोकावरून नुसती उचलली जात नाहीत, सरकतातही. अर्धं भोक झाकलं की कोमल स्वर निघतो, आणि सरकता सरकता मींड. फुंकरीची हलकी खरखरही ऐकू येते. ती दोष समजू नका, बांबूचा श्वास आहे तो. हीच बासरी मैफलीत मानानं बसवली पन्नालाल घोष यांनी, तेही याच मुंबईत सिनेमासाठी वाजवत.

आता पियानो ऐका. पट्टी दाबली की सूर ठरला. दोन पट्ट्यांमधल्या फटीत त्याला शिरता येत नाही. सॅक्सोफोनवाला मात्र ओठ आवळून-सैल करून सूर खाली ओढतो, ब्लूजमधला गांधार असाच रडवेला होतो. बासरी आणि सॅक्सोफोन त्या फटीत भेटतात. लोक ड्रम-तबल्याच्या चढाओढीवर टाळ्या पिटतात. मला ती गंमत वाटते, पण खरी सोयरीक इथे जुळते. बाकी राग आणि जॅझचा संसार कटकटीचाच. कॉर्ड बदलता बदलता एखादा परका सूर घुसला, तर तोडी रागाची तोडी राहत नाही. म्हणून पियानोला हात आखडता घ्यावा लागतो.

लाल दिवा! जागचे हलू नका. एक जण चुकला तर सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. बासरी वर चढते, मनगटावरून घाम ठिबकतो, तुम्ही जरासे पुढे झुकता, आणि तुमच्या नव्याकोऱ्या वहाणा करकरतात. काचेमागून ‘कट!’ ऐकू येतं. पंखे सुरू होतात, चहाची किटली आत येते आणि मागच्या रांगेतून कुणीतरी कोंकणीत तुमचा यथेच्छ उद्धार करतं.