इंद्रधनुष्य आधी गल्ल्यात उगवलं

कोलोरॅडोमधल्या गोल्डन गावात कूर्स बीयरच्या कारखान्यात नोकरी मागायला जाणाऱ्याला १९७०च्या दशकात लाय डिटेक्टरच्या चाचणीतून जावं लागे. अंगाला पट्टे बांधून प्रश्न विचारत. कधी चोरी केली आहे का, अमली पदार्थ घेता का, हे प्रश्न एक वेळ समजू शकतात. पण आपले शरीरसंबंध कोणाशी आहेत तेही विचारतात, अशी कामगारांची तक्रार होती. कारखाना १८७३ सालापासून एकाच घराण्याचा. घराण्यातले जोसेफ कूर्स कडवे उजवे. हेरिटेज फाउंडेशन ही संस्था १९७३ मध्ये उभी राहिली, ती त्यांच्या अडीच लाख डॉलरांच्या बळावर. मेक्सिकन वंशाच्या लोकांना हा कारखाना नोकऱ्या देत नाही म्हणून त्यांच्या संघटनांनी या बीयरवर आधीच बहिष्कार पुकारलेला होता.

हल्ली जून उजाडला की बँका, विमान कंपन्या, मोबाइलवाले आपापल्या बोधचिन्हात इंद्रधनुष्य भरतात आणि महिनाभर कौतुक, टिंगल, शिव्या असं सगळं चालतं. कंपनीने समलिंगींच्या हक्कांवर जाहीर भूमिका घ्यायची आणि गिऱ्हाइकाने खिशातून कौल द्यायचा, या रीतीचं कूळ शोधत मागे गेलं की माणूस थेट सॅन फ्रान्सिस्कोतल्या बारमध्ये पोचतो. या कुळाचा मूळपुरुष गिऱ्हाईक आहे. कंपनी फार उशिरा नात्यात आली.

१९७३-७४च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत बीयरचे ट्रक चालवणाऱ्यांचा वितरकांशी झगडा सुरू होता. टीमस्टर्स युनियनच्या लोकल ८८८ चे ॲलन बेअर्ड राहायला कॅस्ट्रो भागात. स्वतः समलिंगी नव्हते, पण आपल्या गल्लीत कोण राहतं आणि संध्याकाळी कुठे बसतं हे त्यांना दिसत होतं. कूर्स नमत नाही म्हटल्यावर ते मदत मागायला दोघांकडे गेले: ट्रकवरच पोट भरणारे गे कार्यकर्ते हावर्ड वॉलेस, आणि कॅस्ट्रो रस्त्यावर कॅमेऱ्याचं दुकान चालवणारे हार्वी मिल्क. मिल्क १९७२ मध्ये शहरात आले होते आणि पुढच्याच वर्षी निवडणूक लढवून हरलेही होते. त्यांनी फुकट मदत केली नाही. आमच्या बारमधून कूर्स बाहेर काढतो, पण युनियनने समलिंगी चालकांना ट्रकवर घेतलं पाहिजे, अशी अट घातली. बेअर्डनी ती मानली. टीमस्टर्स म्हणजे दांडगट पुरुषांची युनियन अशी ख्याती असलेल्या काळात हा सौदा झाला, हे विसरून चालणार नाही.

मग एकामागून एक बारनी कूर्स ठेवणं बंद केलं. हे इतक्या सहज झालं त्याला कारण आहे. त्या काळात अमेरिकेतल्या समलिंगी माणसाला देऊळ, क्लब, चावडी, लग्न जुळवायचं ठिकाण, हे सगळं एका बारमध्येच सापडे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या अशा बारमालकांनी १९६२ मध्येच टॅव्हर्न गिल्ड नावाची आपली संघटना केली होती. पोलिसांचे छापे आणि परवान्यांची कटकट यातून ती जन्मली होती. म्हणजे सगळं गिऱ्हाईक एका छपराखाली होतं, माल कोणता ठेवायचा हे मोजके मालक ठरवत होते, आणि एक बीयर गेली तर शेजारीच दुसरी थंडगार उभी होती. त्यात पिणाऱ्याच्या हातातलं लेबल समोरच्याला दिसतं. कूर्स धरणाऱ्या माणसाला चारचौघांत उत्तर द्यावं लागे. बहिष्काराला याहून सुपीक जमीन कुठे मिळणार? लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत वाढलेल्या मराठी वाचकाला हे शास्त्र नवं नाही. कापड अंगावर दिसतं, म्हणूनच होळीसाठी विलायती कापड निवडलं गेलं.

१९७७ हे वर्ष या कुळात फार महत्त्वाचं. एप्रिलमध्ये गोल्डनच्या कारखान्यातल्या कामगारांनीच संप केला आणि अमेरिकेतल्या कामगार संघटनांचा महासंघ बहिष्कारात उतरला. त्याच वर्षी फ्लोरिडात गायिका अनिता ब्रायंट यांनी डेड काउंटीतला समलिंगींना संरक्षण देणारा नियम मोडून काढायची मोहीम उघडली. ब्रायंट या फ्लोरिडाच्या संत्रा-रसाचा जाहिरातीतला चेहरा होत्या. ७ जूनला मतदान झालं आणि सुमारे ६९ टक्क्यांनी त्यांची सरशी झाली. उत्तर पुन्हा बारमधूनच आलं. व्होडका आणि संत्र्याचा रस मिळून होणारं स्क्रूड्रायव्हर हे कॉकटेल ठिकठिकाणी बंद झालं आणि त्याजागी व्होडकात सफरचंदाचा रस घालून त्याला चक्क ‘अनिता ब्रायंट’ हे नाव देऊन विकलं गेलं. टोमणा ग्लासात घालून प्यायची ही तऱ्हा मला फार आवडते. त्यांना जाहिरातीत घेणाऱ्या संत्रा मंडळाची मात्र पंचाईत झाली. बाईंच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघेही रस पिणारे. काही काळ मंडळ त्यांच्या पाठीशी राहिलं, पण १९८० मध्ये करार संपला तो परत झाला नाही. दोन्हीकडून गिऱ्हाईक ओढू लागलं की कंपनी कशी चूपचाप मागच्या दाराने निसटते, त्याचा हा पहिला मोठा दाखला.

कूर्सने १९७८ मध्ये लैंगिक कलाच्या आधारे भेदभाव करणार नाही असं आपल्या धोरणात लिहून टाकलं. कामगार महासंघाचा बहिष्कार १९८७ पर्यंत चालला. तोवर कॅलिफोर्नियातल्या बीयरबाजारात कूर्सचा वाटा निम्म्याहूनही खाली आला होता. सगळं श्रेय बहिष्काराला देणं बरोबर नाही, बडवायझर आणि मिलरही जोरात होते. पण घराण्याला हिशेब कळला. १९९५ मध्ये कूर्सने समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांनाही सवलती लागू केल्या आणि पुढे समलिंगी गिऱ्हाइकाची मनधरणी करायला खास माणूस नेमला: मेरी चेनी, म्हणजे पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या डिक चेनींची लेक. राजकारण तेच, बीयर तीच, गल्ला मात्र शहाणा झालेला.

तोवर दुसऱ्या कंपन्यांनी हे गिऱ्हाईक त्याच्या रागाची वाट न पाहता हेरलं होतं. ॲब्सोल्यूट ही स्वीडनची व्होडका १९८१ पासून ‘ॲडव्होकेट’ या गे मासिकात जाहिरात देत होती. १९९०च्या दशकात सुबारूने लेस्बियन गिऱ्हाईक मोजून काढलं आणि जाहिरातीतल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर त्यांनाच कळतील अशा खुणा पेरल्या. बाकीच्यांना त्यात नुसती गाडी दिसायची. आयकिया उघड्यावर आली. १९९४ मध्ये तिने जेवणाचं टेबल खरेदी करणारं पुरुषांचं जोडपं टीव्हीवर दाखवलं, तेही रात्री दहानंतर, तरी लाँग आयलंडवरच्या दुकानाला बॉम्बची धमकी आली.

भूमिकेची खरी परीक्षा जाहिरातीत होत नाही, पगारपत्रकात होते. १९९३ मध्ये टेक्सासच्या विल्यमसन काउंटीत ॲपल आठ कोटी डॉलर खर्चून कार्यालय उभारणार होती आणि तिला करसवलत हवी होती. अविवाहित जोडीदारांनाही विमा देणारं ॲपलचं धोरण काउंटीच्या आयुक्तांना खटकलं आणि तीन विरुद्ध दोन मतांनी सवलत फेटाळली गेली. ॲपल हटली नाही. कार्यालय दुसरीकडे जाईल म्हटल्यावर आठवडाभरात एका आयुक्ताने मत फिरवलं.

क्रॅकर बॅरल या हमरस्त्यावरच्या हॉटेलांच्या साखळीची गोष्ट उलट्या दिशेची. १९९१ मध्ये तिने ‘नॉर्मल’ स्त्री-पुरुष मूल्यांत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांना काढण्याचा आदेशच काढला आणि किमान ११ जणांची नोकरी गेली. निदर्शनं झाली, धरणी झाली, गल्ल्याला धक्का लागेना. दक्षिणेतल्या हमरस्त्यावर नाश्ता करणारं गिऱ्हाईक वेगळं, तिथे बार नव्हते. मग न्यूयॉर्क शहराच्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडाने आपल्या शेअरच्या जोरावर वर्षानुवर्षं ठराव मांडले. २००२ मध्ये ५८ टक्के मतं पडली तेव्हा संचालकांनी धोरण बदललं. गिऱ्हाईक हलत नसेल तर मालकच हलवावा लागतो.

बहिष्काराचं हत्यार विरुद्ध बाजूनेही लवकरच उचललं. कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना सवलती देणं आणि उद्यानांत होणारे ‘गे डे’ यांवर चिडून सदर्न बॅप्टिस्ट चर्चने १९९७ मध्ये डिस्नीवर बहिष्कार घातला. दीड कोटीच्या वर सदस्यांचा हा पंथ, पण आठ वर्षांत डिस्नीचं फारसं बिघडलं नाही आणि २००५ मध्ये बहिष्कार गुंडाळला गेला. मिकी माउसला पर्याय काय? पोराला वाढदिवसाला दुसरा उंदीर देता येत नाही. शिवाय डिस्नीचं राज्य सिनेमा, टीव्ही, खेळणी असं इतकं पसरलेलं, की सगळं टाळायला घरात पहारा बसवावा लागेल.

बड लाइटचं नेमकं याच्या उलट झालं. १ एप्रिल २०२३ ला डिलन मल्व्हॅनी या ट्रान्स कलाकाराने त्या बीयरचा छोटासा प्रचार समाजमाध्यमावर केला आणि अमेरिकेत उजव्या बाजूचं गिऱ्हाईक उसळलं. गायक किड रॉकने बीयरच्या खोक्यांवर बंदुकीच्या फैरी झाडल्या. हा बहिष्कार लागू पडला, कारण सगळं जुन्या कूर्ससारखंच होतं: हातात दिसणारा डबा, शेजारी तितकीच स्वस्त, तशीच फिकट बीयर, आणि गिऱ्हाइकाला मित्रांसमोर आपली बाजू दाखवायची हौस. त्यातून सर्वाधिक खपणाऱ्या बीयरचा मान अमेरिकेत मॉडेलो एस्पेसिआलकडे गेला. गंमत म्हणजे जगभर मॉडेलो बड लाइटच्याच मालकांची आहे, फक्त अमेरिकेतले हक्क तेवढे दुसऱ्या कंपनीकडे आहेत. कंपनीच्या प्रमुखांनी मग एक गुळमुळीत पत्रक काढलं. त्यात मल्व्हॅनींची बाजू नव्हती, रागावलेल्यांची माफीही नव्हती. तेव्हा शिकागोतल्या काही गे बारनीही या कंपनीची बीयर बंद केली. संत्रा मंडळाने ४३ वर्षांपूर्वी दाखवलेली पळवाट आता बुजली होती, दोन्ही टोकांचे लोक आता एकाच वेळी बघत असतात. त्यानंतर कंपन्यांना घाम फुटला. समलिंगी हक्कांसाठी झटणारी ह्यूमन राइट्स कॅम्पेन २००२ पासून कंपन्यांना गुण देते. २०२४ मध्ये फोर्ड, लोज, हार्ले-डेव्हिडसन आणि मोल्सन कूर्स अशा कंपन्यांनी त्या परीक्षेला बसणंच सोडलं.

भारतात या कुळाची फांदी वेगळी वाढली. पुण्यात जन्मलेल्या ट्रान्स कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या आईपणावरची विक्सची जाहिरात २०१७ मध्ये लोकांनी डोक्यावर घेतली. २०२१ मध्ये दोन स्त्रियांचा करवा चौथ दाखवणारी डाबरची जाहिरात मात्र काही दिवसांत मागे घ्यावी लागली, तीही माफी मागून. इथे गिऱ्हाइकाला कौल द्यायला वेळच मिळाला नाही. मध्य प्रदेशच्या गृहमंत्र्यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिला आणि विषय मिटला. अमेरिकेत कंपनी गल्ल्याला घाबरते, आपल्याकडे पोलीस ठाण्याला. त्यामुळे जाहिरातीपेक्षा कचेरीच्या आतलं धोरण आपल्याकडे जास्त धीट निघालं. विक्रोळीच्या गोदरेजमध्ये परमेश शहाणी वर्षानुवर्षं उघडपणे या विषयावर काम करत राहिले. टाटा स्टीलने २०१९ मध्ये समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना सवलती दिल्या. समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळणाऱ्या कलम ३७७ वरच्या निकालाला तीन वर्षं झाली त्या दिवशी, ६ सप्टेंबर २०२१ ला, मुंबईच्या ॲक्सिस बँकेने जाहीर केलं की समलिंगी जोडप्यांना संयुक्त खातं उघडता येईल आणि कर्मचाऱ्याला आपल्या जोडीदाराचं नाव मेडिक्लेममध्ये घालता येईल. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यामुळे या जोडप्यांचं नातं लिहून घेणारा कागद आजही बहुधा विम्याचा किंवा बँकेचाच असतो.